सूचना समोर असताना विद्यार्थी भलतेच करतो, तेव्हा काय तपासावे

लक्षणे

कागद हातात पडताच विद्यार्थी वरची ओळ न पाहता थेट पहिल्या रिकाम्या जागेवर पेन्सिल टेकवतो. किंवा याच्या अगदी उलट, कागदाकडे न बघताच हात वर करून "सर, इथे काय करायचं?" असे विचारतो. सहापैकी कोणतेही चार प्रश्न सोडवायचे असताना सहाही हाती घेतो आणि वेळ संपल्यामुळे शेवटचे दोन अर्धवट राहतात. शब्दांना गोल करायचा असताना ते अधोरेखित करतो, कारण आदल्या पानावर अधोरेखन होते. तीन कृती सांगितलेल्या असतील तर एकच करतो आणि ती बहुधा शेवटची असते. शेजारच्याची वही पाहिल्याशिवाय सुरुवात करत नाही. गणितात आकडे मांडून दिले असतील तर उत्तर अचूक येते, पण तेच शाब्दिक उदाहरणात आले की दिसतील त्या दोन संख्यांची बेरीज करून मोकळा होतो.

ही सगळी लक्षणे बाहेरून सारखी दिसतात आणि त्यांच्यावर शेराही एकच पडतो, तो म्हणजे "लक्ष नाही". अनेक वर्षे हाच दोष वेगवेगळ्या मुलांमध्ये दुरुस्त करत आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की लिखित सूचना पाळणे ही सहा-सात कड्यांची साखळी आहे आणि त्यांतील कोणतीही कडी तुटली तरी वहीत दिसणारा परिणाम तोच असतो. त्यामुळे कडी कोणती तुटली हे शोधण्यापूर्वी "नीट वाच" असे कितीही वेळा सांगितले तरी मुलाला त्यातून करण्याजोगे काहीच हाती लागत नाही. पुढील तपासण्या त्याच क्रमाने कराव्यात. सुरुवातीच्या काही तपासण्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक मुलांचा प्रश्न तेवढ्यातच सुटतो.

आधी एक विभागणी

ज्या सूचनेवर मूल चुकले, तीच सूचना त्याला एकट्याला, कागद न दाखवता, तोंडी द्यावी. तोंडी सांगितल्यावर काम बरोबर झाले, तर दोष कागद, नजर किंवा वाचन यांपैकी कुठेतरी आहे. तोंडी सांगूनही तीच चूक झाली, तर दोष शब्दांच्या अर्थात, लक्षात ठेवण्यात किंवा भाषेच्या आकलनात आहे, आणि अशा वेळी वाचनाचा सराव वाढवून उपयोग होणार नाही. ही तपासणी वगळली, तर पुढचे सगळे प्रयत्न अंधारात होतात. एकाच प्रसंगावरून निष्कर्ष काढू नये. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार सूचना घेऊन पाहावे आणि प्रत्येक वेळी काय झाले ते तारखेसह लिहून ठेवावे. या नोंदी पुढे, विशेषतः तज्ज्ञाकडे जावे लागले तर, फार उपयोगी पडतात.

मुलाच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असेल, तर हीच तपासणी शक्य असल्यास घरच्या भाषेतही करावी. तेथे ते सहज जमत असेल, तर मुलात काहीही बिघाड नाही. त्याला फक्त नव्या भाषेसाठी वेळ आणि शब्द हवे आहेत.

कागद तपासा

आपण तयार केलेल्या कागदाचा अर्थ आपल्याला आधीपासून ठाऊक असतो, म्हणून त्यातील संदिग्धता आपल्याला दिसत नाही. तो कागद दुसरा विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्याला द्यावा आणि काहीही न सांगता सोडवायला सांगावे. त्यांनी क्षणभर थांबून "म्हणजे वहीत लिहायचं की इथेच?" असे विचारले, तर मुलांच्या चुकांचे कारण सापडलेच म्हणून समजा.

आणखी एक गोष्ट म्हणजे सूचनेची जागा. जॉन स्वेलर आणि पॉल चँडलर यांनी १९९१ आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की आकृती एकीकडे आणि तिचे स्पष्टीकरण दुसरीकडे असेल, तर शिकणाऱ्याची बरीचशी शक्ती या दोन्हींची सांगड घालण्यातच खर्च होते. सूचना पानाच्या माथ्यावर बारीक तिरप्या अक्षरांत आणि काम पानाच्या तळाशी, किंवा सूचना एका पानावर आणि तक्ता मागच्या पानावर, अशी मांडणी असेल तर ती बदलावी. सूचना कामाला लागून, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. एका कागदावर तीन प्रकारची कामे असतील, तर प्रत्येकाच्या डोक्यावर त्याची स्वतंत्र सूचना असावी.

वर्गातील अर्ध्याहून अधिक मुले एकाच प्रश्नावर एकाच प्रकारे चुकली असतील, तर इथेच थांबावे आणि कागद दुरुस्त करावा. मुलांना तपासत बसण्याचे कारण नाही.

आपली सवय तपासा

हे लिहिताना मला सहकाऱ्यांना दुखवायचे नाही, पण सर्वांत जास्त वेळा दोष याच ठिकाणी सापडतो. आपण कागद वाटतो आणि वाटता वाटताच सूचना मोठ्याने वाचून दाखवतो, वर तिचा सोपा अर्थही सांगतो. मुले हुशार असतात. छापलेली ओळ वाचण्याची गरज नाही, कारण तिचा सारांश कुणीतरी सांगणारच आहे, हे त्यांना आठवडाभरात कळते. मग परीक्षेत सांगणारे कुणी नसते आणि आपण म्हणतो की मुले वाचत नाहीत.

मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधील प्रश्नोत्तरे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबतात असे त्यांना आढळले. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्ण झाली. ते संशोधन तोंडी प्रश्नांबद्दल होते, पण लिखित सूचनेच्या बाबतीतही आपली घाई तशीच असते. म्हणून दोन आठवडे एक नियम पाळून पाहावा: कागद वाटल्यानंतर पूर्ण एक मिनिट शिक्षकाने बोलायचे नाही आणि मुलांनी पेन्सिल उचलायची नाही. "काय करायचं?" असा प्रश्न आला, तर उत्तर न देता "सूचना कुठे आहे? तिच्यावर बोट ठेव" एवढेच म्हणावे. बोट ठेवल्यावर "पहिलं काम कोणतं लिहिलंय?" असे विचारावे. स्वर मऊ असावा, कारण हा प्रश्न शिक्षेसारखा वाटला तर मूल पुढच्या वेळी शेजाऱ्याला विचारेल आणि आपल्याला ते कळणारही नाही.

पहिले तीन-चार दिवस गोंधळ वाढतो. तो अपेक्षित आहे, त्यामुळे नियम सोडू नये.

नजर त्या ओळीवर पडते का

वर्गाला काम देऊन, एका मुलाच्या बाजूला, त्याला जाणवणार नाही अशा बेताने उभे राहून फक्त त्याच्या डोळ्यांकडे आणि पेन्सिलीकडे पाहावे. मी एकदा असे पाहत असताना एका मुलाची नजर सूचनेला पूर्णपणे ओलांडून तिच्याखालच्या सोडवलेल्या नमुन्यावर गेली, तेथे थोडी थांबली आणि मग पेन्सिल चालू झाली. नमुन्यात शब्दाचे अनेकवचन केले होते, म्हणून त्याने सगळ्या शब्दांची अनेकवचने केली. सूचनेत मात्र एकवचनी शब्दांचे अनेकवचन आणि अनेकवचनी शब्दांचे एकवचन करायला सांगितले होते. त्याची पद्धत मूर्खपणाची नव्हती. दहापैकी आठ कागदांवर नमुना पाहून काम होतेच, त्यामुळे त्याला ती सवय लागली होती.

उपाय साधा आहे. काही दिवस नमुना झाकून ठेवावा किंवा सूचनेनंतर कागद घडी घालून द्यावा आणि सूचनेतील क्रियापदाभोवती चौकट काढल्याशिवाय घडी उघडू नये असे ठरवावे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे: जे मूल ओळ अर्ध्यावर सोडते, ते नेमका करायच्या कामाचा शब्द सोडते. चौकट काढायची म्हटल्यावर त्याला ओळीच्या शेवटापर्यंत जावेच लागते.

"सर्व सूचना आधी वाचा" असे वर लिहून, खाली वीस विचित्र कामे देऊन, शेवटच्या ओळीत "वरील काहीही न करता फक्त नाव लिहा" असे सांगणारा कागद बरेच शिक्षक वापरतात. मी तो वापरणे बंद केले आहे. ज्याला वाचनाचाच त्रास आहे, त्याला त्यातून चारचौघांत फजिती मिळते आणि कौशल्य मिळत नाही.

ओळ वाचता येते का

मुलाला बाजूला घेऊन सूचना मोठ्याने वाचायला सांगावी. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या विचारानुसार वाचून समजणे हे अक्षरांवरून शब्द ओळखणे आणि ती भाषा समजणे या दोन क्षमतांचा गुणाकार असते. दोन्हींपैकी एक शून्य असेल, तर दुसरी कितीही चांगली असली तरी उत्तर शून्यच येते. जोडाक्षरांवर अडखळणे, पहिले अक्षर पाहून शब्दाचा अंदाज करणे, मात्रा किंवा वेलांटी गाळणे यांपैकी काय होते ते टिपावे. एका ओळीवरून अंदाज येत नाही, म्हणून त्याच्या पाठ्यपुस्तकातील सुमारे शंभर शब्दांचा उतारा घ्यावा. त्यात दहाहून अधिक शब्द चुकले, तर तो मजकूर त्याला एकट्याने वाचण्यासाठी अवघड आहे. अशा मुलाला सूचना पाळायला शिकवण्याआधी वाचायला शिकवावे लागेल आणि तोवर त्याला सूचना वाचून दाखवणे हेच न्याय्य आहे.

एक लहान चूक किती महाग पडते, याचे उदाहरण माझ्या मनातून जात नाही. सूचना होती, "पहिले उदाहरण सोडून बाकीची सोडवा." एका मुलीने पहिल्यासकट सगळी उदाहरणे सोडवली होती आणि सगळी उत्तरे बरोबर होती. वाचायला सांगितल्यावर तिने अत्यंत आत्मविश्वासाने वाचले, "पहिले उदाहरण सोडवून बाकीची सोडवा." मधला एक ‘व’ तिने स्वतःहून घातला होता आणि त्या वाचनाप्रमाणे सूचना तंतोतंत पाळली होती.

याच वेळी छपाई मोठी करून, कागद जवळ-लांब धरून आणि मुलाला पुढच्या बाकावर बसवूनही पाहावे. फरक पडला तर प्रश्न डोळ्यांचा असू शकतो, ज्याविषयी पुढे लिहिले आहे.

शब्द कळतात का

वाचता येते, पण काम चुकते, अशा मुलाला सूचनेतील एकेक शब्दाचा अर्थ न विचारता, तो शब्द करून दाखवायला सांगावे. "फरक स्पष्ट करा" म्हणजे काय, असे विचारले तर मूल "फरक सांगायचा" असे म्हणते आणि आपण समाधान मानतो. प्रत्यक्षात ते एका वस्तूचे वर्णन करून थांबते. ‘यादी करा’, ‘वर्णन करा’, ‘तुलना करा’, ‘कारण द्या’ या चारही सूचनांना अनेक मुले एकच उत्तर लिहितात, कारण त्यांच्या लेखी या सगळ्यांचा अर्थ "जे आठवते ते लिहा" असा असतो.

क्रियापदांपेक्षाही लहान शब्द जास्त घात करतात. ‘पैकी’, ‘वगळून’, ‘ऐवजी’, ‘प्रत्येकी’, ‘किमान’, ‘अनुक्रमे’, ‘अकारविल्हे’ हे शब्द मुलांच्या रोजच्या बोलण्यात जवळजवळ येत नाहीत; ते फक्त कागदावरच भेटतात. नकारही मराठीत अनेकदा ‘नसलेला’, ‘न बसणारा’ असा शब्दाच्या पोटात किंवा शेजारी चिकटून येतो आणि घाईत दिसत नाही. आठवड्याला असे तीनच शब्द घ्यावेत. प्रत्येकासाठी एक कार्ड करावे, पुढच्या बाजूला शब्द आणि मागे त्या शब्दाप्रमाणे पूर्ण केलेले छोटेसे काम. व्याख्या लिहू नये, कारण व्याख्येतही बहुधा तितकेच अवघड शब्द येतात.

काळाचा क्रम दाखवणारे शब्दही तपासावेत. ईव्ह क्लार्क यांनी १९७१ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा बरीच मुले ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या अर्थाकडे न पाहता, वाक्यात जे आधी ऐकू येते तेच आधी घडते असे धरून चालतात, असे दिसले. शाळकरी वयात हे बरेच कमी होते, पण वाक्य लांबले की मी ते मोठ्या मुलांमध्येही पाहिले आहे. "उत्तर लिहिण्यापूर्वी तक्ता पूर्ण करा" या वाक्यात उत्तर आधी ऐकू येते, म्हणून उत्तर आधी लिहिले जाते.

‘ऊन’मध्ये लपलेल्या कृती

"उतारा वाचून, त्यातील विशेषणे शोधून त्यांचे विरुद्धार्थी शब्द वहीत लिहा." या वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘लिहा’, परंतु कामे तीन आहेत. वाचून, शोधून, निवडून, बदलून, वापरून अशा रूपांमध्ये मराठी सूचना आपल्या अर्ध्या कृती ठेवून देते, आणि मुलाच्या कानाला आज्ञेसारखे फक्त शेवटचे क्रियापद लागते. तीनपैकी शेवटचीच कृती होण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे, तरीही याच्याकडे फार थोडे लक्ष दिले जाते याचे मला वाईट वाटते.

मुलांना ‘ऊन’ शोधायला शिकवावे. सूचनेत जिथे ‘वाचून’, ‘शोधून’ असे रूप येईल तिथे त्याच्या डोक्यावर १, २ असे आकडे घालायचे, शेवटच्या क्रियापदावर शेवटचा आकडा घालायचा आणि एकेक काम झाले की त्या आकड्यावर बरोबरची खूण करायची. वरील सूचनेवर तीन आकडे येतात आणि तीन खुणा झाल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. ही युक्ती शिकायला एक तास पुरतो, अंगवळणी पडायला मात्र महिनाभर लागतो.

आकडे कागदावरच घालण्याला कारण आहे. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवले की प्रौढ माणूससुद्धा एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात हाताळू शकतो. मुलांची क्षमता त्याहून कमी असते आणि एकाच वर्गातील दोन मुलांतही ती सारखी नसते. पाच कृतींची सूचना लक्षात ठेवून काम करू पाहणारे मूल मध्येच हरवते, ते निष्काळजी असते म्हणून नव्हे, तर जागा संपते म्हणून. कागदावरच्या आकड्यांमुळे मनातली जागा प्रत्यक्ष कामासाठी मोकळी राहते.

एक खबरदारी घ्यावी. "अधोरेखित शब्दाऐवजी कंसातील शब्द वापरून वाक्य पुन्हा लिहा" या सूचनेवर मुलाने ‘मुलगा शाळेत गेला’ याचे ‘मुलगी शाळेत गेला’ केले, तर त्याने सूचना पाळली आहे. चुकले ते व्याकरण. ही चूक सूचनेच्या खात्यात धरू नये, नाहीतर आपण भलतीकडेच दुरुस्ती करत राहतो.

न कळल्याचे कळते का

ही तपासणी सर्वांत अवघड आहे आणि हिला सर्वांत जास्त वेळ लागतो. काही मुले नीट वाचतात, शब्द जाणतात, तरी सूचना कळलेली नसताना कळली असे समजून पुढे जातात. एलन मार्कमन यांनी १९७७ मध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांना एका खेळाच्या आणि एका जादूच्या प्रयोगाच्या सूचना दिल्या आणि त्यांतील अत्यावश्यक माहिती मुद्दाम गाळली. लहान मुलांना काही राहून गेले आहे असे वाटलेच नाही; सूचनेप्रमाणे स्वतः करून पाहायला लागल्यावर मात्र त्यांच्या ते ध्यानात आले. माझ्या दृष्टीने या प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, कारण उपाय तिच्यातच आहे.

म्हणून मी मुलांना मुद्दाम अपुऱ्या सूचना देतो. "चौकोन काढून त्यात वर्तुळ रंगवा" असे लिहून देतो आणि काम सुरू करण्याआधी काय सांगायचे राहिले ते शोधायला सांगतो. पहिल्या वेळी कुणी काही बोलत नाही. रंगपेटी उघडल्यावर कुणीतरी "पण रंग कोणता?" म्हणते, मग "केवढा चौकोन?", मग "वर्तुळ आधी काढायचं ना?" असे प्रश्न येऊ लागतात. चार-पाच वेळा हे झाल्यावर तेच प्रश्न पेटी उघडण्यापूर्वी येतात, आणि ज्या दिवशी असा प्रश्न खऱ्या कागदावर, न सांगता येतो, त्या दिवशी ही कडी जोडली गेली असे मी मानतो.

पुढची पायरी म्हणजे मुलांनी स्वतः सूचना लिहिणे. एकाने ठोकळ्यांची रचना करायची, तिच्या सूचना लिहायच्या आणि दुसऱ्याने ती रचना न पाहता केवळ त्या सूचनांवरून तशीच रचना करायची. रचना जुळली नाही की दोघे मिळून कागदावर परत जातात आणि कोणती ओळ अपुरी पडली ते शोधतात. सूचना लिहिणाऱ्याच्या अडचणी एकदा कळल्या की ती वाचण्याची पद्धतच बदलते.

कुठे थांबावे

वरील उपाय नियमितपणे सहा ते आठ आठवडे करूनही नोंदींमध्ये फरक दिसत नसेल, तर शिक्षकाने आणि पालकांनी स्वतःचे प्रयोग थांबवून तज्ज्ञाची मदत घ्यावी. पुढील परिस्थितींत तेवढेही थांबू नये.

मूल डोळे मिचकावते, ओळी गाळते किंवा वाचताना डोके दुखते असे म्हणते, तर आधी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. लांबचा तक्ता वाचता आला म्हणजे नजर चांगली आहे असे समजू नये, कारण दूरदृष्टीचा दोष अशा तपासणीत निसटू शकतो आणि जवळच्या वाचनाला नेमका तोच आड येतो. तोंडी सूचना एखाद्या दिवशी कळतात आणि एखाद्या दिवशी नाही, किंवा सर्दीनंतर फरक पडतो, तर कानांची तपासणी करून घ्यावी. कानाच्या पडद्यामागे द्रव साठल्याने लहान मुलांचे ऐकणे असे कमी-जास्त होते.

तोंडी आणि लिखित दोन्ही सूचना घरच्या भाषेतही समजत नसतील, तर वाचा-भाषा तज्ज्ञाला दाखवावे. भाषाविकासाचा विकार सुमारे ७ टक्के मुलांमध्ये आढळतो आणि त्यांतील बरीच मुले वर्षानुवर्षे हट्टी किंवा आळशी ठरवली जातात. तोंडी उत्तम, पण नियमित शिकवूनही शब्द ओळखणे पुढे सरकत नाही, असे असेल तर वाचनअक्षमतेच्या तपासणीसाठी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक यांच्याकडे जावे. घरी, खेळात, शाळेत सगळीकडेच लक्ष टिकत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. आणि मूल काम करता करता काही सेकंद शून्यात पाहत राहते, हाकेला प्रतिसाद देत नाही आणि मग काहीच झाले नाही असे पुढे सुरू करते, किंवा आधी येत असलेले वाचन अचानक येईनासे होते, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. हे शिकवण्याने सुटणारे प्रश्न नाहीत.

पालकांशी बोलताना शिक्षकाने निदानाचे नाव घेऊ नये, केवळ काय दिसले ते सांगावे. सोबत तारखा घातलेल्या नोंदी, चुकलेले दोन-तीन कागद आणि बरोबर आलेला निदान एक कागद द्यावा, कारण कोणत्या प्रकारची सूचना जमली हेही तज्ज्ञाला पाहायचे असते. तपासणीची वेळ मिळेपर्यंत त्या मुलाला सूचना एका वेळी दोनच टप्प्यांत द्याव्यात, ऊनची रूपे टाळून प्रत्येक कृती वेगळ्या ओळीत लिहावी आणि त्याच्या "काय करायचं?" या प्रश्नाला तेवढे दिवस सरळ उत्तर द्यावे.